ट्रेकला जातोय, पण घोड्यावर: नकाशा, चांदणी आणि रिह्याचा एक शनिवार

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना गोष्ट माहीत आहे. ज्यांना लोकलमध्ये किंवा पीएमपीच्या गर्दीत ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना शंभरदा आलेलं ‘म्हणजे’ काढून टाकलंय आणि आकडे पुन्हा तपासून घेतलेत. बाकी बरंचसं तसंच आहे.

सुरुवात घरातल्या एका गैरसमजापासून. मी आईला म्हणालो, “शनिवारी ट्रेक आहे, रिह्याला.” ती म्हणाली, “डबा देऊ का? आणि ते चिखलाचे बूट आधी धुऊन घे.” तिला वाटलं, नेहमीसारखा तिकोना नाहीतर लोहगड. मी म्हणालो, “आई, घोड्यावरचा ट्रेक.” ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, “घोडा कोण देणार तुला?”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्याच्याकडे येतोच. आधी हा प्रकार काय आहे ते बघू.

हा ट्रेक तो ट्रेक नव्हे

टी-आर-ई-सी. उच्चार ट्रेक असाच, पण ही फ्रेंच नावाची आद्याक्षरं आहेत. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये हा खेळ सुरू झाला. तिथे पर्यटकांना घोड्यावरून रानावनात फिरवणारे व्यावसायिक वाटाडे असतात. चार-सहा अनोळखी माणसं आणि तेवढेच घोडे सोबत घेऊन डोंगरात जायचं, तर वाटाड्याला नेमकं काय यायला हवं? नकाशा वाचता यायला हवा, घोडा ताब्यात हवा, वाटेतला ओढा, फाटक, पडलेलं झाड शांतपणे पार करता यायला हवं. या सगळ्याची परीक्षा घ्यायला म्हणून जे सुरू झालं, त्याचा पुढे खेळ झाला.

यातला नकाशाचा भाग, म्हणजे ओरिएंटियरिंग, त्याहून जुना. त्याचा उगम स्वीडन-नॉर्वेकडच्या सैनिकी सरावात. सर्वसामान्य लोकांसाठीची पहिली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या खुणा शोधत जायचं, एवढाच खेळ. ट्रेकमध्ये फक्त पाय घोड्याचे असतात.

आता ‘क्रॉस कंट्री’ म्हटलं की ज्यांनी ऑलिंपिक बघितलंय त्यांना ओंडक्यांवरून उड्या मारत सुसाट जाणारे घोडे आठवतील. तो इव्हेंटिंगमधला क्रॉस कंट्री. टोकियोत आपला फवाद मिर्झा २३वा आला, तो त्याच प्रकारात. तिथे वाट आखलेली असते आणि वेग लागतो. ट्रेकमध्ये वाट तुम्ही शोधायची आणि वेग पंचांनी सांगितलेला राखायचा. लवकर पोहोचलात तरी गुण जातात!

तीन टप्पे, ४६० गुण

स्पर्धा साधारण शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची.

पहिला टप्पा नकाशाचा, २४० गुणांचा. तुम्हाला एका खोलीत नेतात. भिंतीवर किंवा टेबलावर मूळ नकाशा असतो, त्यावर मार्ग आखलेला. तुमच्या हातात कोरा नकाशा आणि पेन. साधारण २० मिनिटांत तो मार्ग आपल्या नकाशावर उतरवून घ्यायचा. फोन लिफाफ्यात सीलबंद, फक्त संकटात फोडायचा. जीपीएस बंद. मग घोड्यावर बसून निघायचं.

आता खरी गंमत. वाटेत तपासनाके असतात, पण ते कुठे आहेत ते तुम्हाला सांगत नाहीत. प्रत्येक नाक्यावर पुढच्या तुकड्यासाठीचा वेग सांगतात, समजा ताशी ८ किलोमीटर. पण तो तुकडा संपणार कुठे, ते गुलदस्त्यात. म्हणजे वेग माहीत, अंतर अज्ञात. शेवटी एकदम पळवून वेळ भरून काढू म्हणाल, तर शेवट कुठे आहे हेच माहीत नसतं. सुरुवातीपासून चाल एकसारखी ठेवणं एवढंच हातात राहतं. मिनिटभर उशीर किंवा मिनिटभर घाई, एक गुण गेला. नाका चुकला तर ५० गुण गेले. नाक्यावर चुकीच्या बाजूने उगवलात तर ३०. सुरुवातीच्या पातळीला हे अंतर साधारण १५-२० किलोमीटर असतं, वरच्या पातळीला ३५-४५.

दुसरा टप्पा चालीचा, ६० गुणांचा. १५० मीटरची एक अरुंद पट्टी आखलेली असते. जाताना त्यातून कॅन्टर करायचा, पण जितका सावकाश जमेल तितका. येताना साधी चाल, पण जितकी झपाझप जमेल तितकी. घोड्याने मधेच चाल बदलली की त्या बाजूचे ३० गुण गेले. बाईक ट्रॅफिकमध्ये पाय न टेकता किती हळू चालवता येते, त्यावरून चालवणारा कळतो ना? तसंच हे.

तिसरा टप्पा अडथळ्यांचा. १६ अडथळे, प्रत्येकी १० गुण, एकूण १६०. खोगिरावर बसूनच फाटक उघडायचं आणि परत लावायचं. खाली आलेल्या फांद्यांखालून वाकून जायचं. ओंडका, चर, पाणी. घोड्याला मागे चालवायचं. गोल आखून त्यात उभं करायचं, आपण बाहेर जायचं आणि त्याने हलायचं नाही. यातलं जवळजवळ सगळं शेतावर, रानात खरोखर लागणारं.

शिलेदार की बारगीर?

आपल्याकडे इक्वेस्ट्रियन फेडरेशनच्या स्पर्धा मुख्यतः ड्रेसाज, जंपिंग, इव्हेंटिंग, एंड्युरन्स आणि टेंट पेगिंग या प्रकारांत होतात. ट्रेकला सर्वांत जवळचा त्यातला एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची रपेट. केरळच्या निदा अंजुम चेलाटने २०२३ साली फ्रान्समध्ये ज्युनिअर आणि यंग रायडर्सच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण केले. असं करणारी ती पहिली भारतीय.

ट्रेक मात्र या यादीत नाही. म्हणून आमच्या ओळखीच्या काही रायडर्सनी युरोपातले नियम घेतले, आपल्या आवाक्यात बसवले आणि रिहे खोऱ्यात एका वीकेंडची छोटीशी स्पर्धा आखली. आठ जोड्या, कप नाही, बॅनर नाही, एक पशुवैद्य, रविवारी पिठलं-भाकरी. सुरुवातीच्या पातळीला जोडीने जाता येतं. माझी जोडीदार ऑफिसातलीच टेस्टर. ती गेली सहा वर्षं घोडेस्वारी करते, मी दोन.

रिहे का? हिंजवडीत काम करणाऱ्यांना विचारा. फेज तीनच्या काचेच्या इमारती मागे टाकल्या की माण, मग घोटावडे, आणि तिथून आत रिहे. तेवढ्यात दुनिया बदलते. डोंगरांच्या मधलं खोरं, भाताची खाचरं, ओढे, मुरमाच्या वाटा. भात निघाल्यावर, थंडी असेपर्यंत, घोड्यासाठी झकास.

आता आईचा प्रश्न: घोडा कोण देणार?

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. आजच्या भाषेत शिलेदार म्हणजे स्वतःच्या गाडीने येणारा आणि बारगीर म्हणजे कंपनीच्या कॅबने. माझ्यासारखा ईएमआयवाला अर्थातच बारगीर. जिथे शिकतो तिथले घोडे मैदानाबाहेर देत नाहीत. शेवटी एक तात्या भेटले. त्यांचा व्यवसाय वरातीला घोडी देण्याचा. त्यांच्याकडे चांदणी.

चांदणी म्हणजे तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, बुटकी, चिवट घोडी. तात्यांच्या मते ती भीमथडी. आपल्या राज्यगीतात ज्या तट्टांचा उल्लेख येतो, ती भीमथडी. भीमेच्या काठच्या मुलखातली ही जात मराठ्यांच्या घोडदळात होती. आजही मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आपलं बिऱ्हाड या घोड्यांवर लादतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच तिची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. चांदणीची वंशावळ काही माझ्याकडे नाही. पण ताशाला, फटाक्यांना आणि नाचणाऱ्या मामांना न बुजणारी घोडी रानात तितराला बुजत नाही, हे मी बघितलंय.

आधी एक हिशेब केला, तुम्हीही करा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावं, असा ठोकताळा आहे. घोड्याचं वजन काट्याशिवाय असं काढतात: छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत मोजायची. चांदणीचा घेर १६२, लांबी १५८. वजन आलं सुमारे ३४९ किलो. त्याचे २० टक्के म्हणजे जेमतेम ७०. मी ६०, खोगीर ८. काठावर पास. त्या दोन महिन्यांत मी वडापाव कमी खाल्ले, त्याचं कारण हे.

निळा ठिपका नसलेला नकाशा

आपल्या पिढीला नकाशा म्हणजे मधोमध आपण आणि आपल्याभोवती फिरणारं जग. कागदावर तो निळा ठिपका नसतो. तो तुम्ही डोक्यात ठेवायचा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात रिह्याचा भाग ४७ एफ/१० या पानावर येतो. या प्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तपकिरी बारीक रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा. दाट असतील तिथे चढ खडा, विरळ असतील तिथे सपाटी. बोटासारखी टोकं उंचाकडे घुसलेली दिसली तर तिथे ओहोळ, उताराकडे बाहेर आलेली दिसली तर डोंगराची सोंड. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

वेळेचं गणित सोपं आहे. नकाशावर एका ओढ्यापर्यंत दोऱ्याने मोजलं, ७.२ सेंटिमीटर आलं. म्हणजे ३.६ किलोमीटर. ताशी ८ च्या वेगाने २७ मिनिटं. निघताना मनगटी घड्याळात वेळ बघायची. २७व्या मिनिटाला ओढा समोर नसेल तर काहीतरी चुकलंय. घोड्याची साधी चाल ताशी ६-७ किलोमीटर, ट्रॉट साधारण १२-१४. मग ८ कसे येतात? दोन्ही आलटून पालटून. हे प्रमाण आपल्या घोड्याबरोबर आधीच मोजून ठेवायचं. मी एका सरळ रस्त्यावर किलोमीटर आखून चांदणीच्या दहा फेऱ्या मोजल्या आणि एक्सेल शीट केली. तात्यांनी ती बघितली आणि म्हणाले, “हिला दाखवली का?”

होकायंत्राबद्दल दोन गोष्टी. एक, पुण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे ती दुरुस्ती करायची डोकेदुखी आपल्याला नाही. दोन, होकायंत्र फोनपासून आणि लोखंडी रिकिबीपासून लांब धरा. फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाने सुई सरळ खोटं बोलते. मी सरावात अर्धा तास पूर्वेला उत्तर समजून फिरलोय.

वाट धरताना कडेने जाणारी एखादी लांब खूण निवडायची: ओढा, विजेची तार, रस्ता. आपण तिचा हात धरून चालतोय असं समजायचं. आणि पुढे एक अडवणारी खूण आधीच ठरवून ठेवायची. ‘डांबरी रस्ता लागला म्हणजे मी पुढे आलो.’

आणि सगळ्यात मोठा नियम. आपण कुठे आहोत याची शंका आली की थांबायचं. ‘असेल पुढे’ म्हणून जायचं नाही. जिथे शेवटचं नक्की माहीत होतं तिथवर मागे यायचं. कोडमध्ये काही बिघडलं की शेवटच्या चालणाऱ्या व्हर्जनवर जातो ना, तसं. हा नियम मला तोंडपाठ होता.

घोड्याचा डॅशबोर्ड

दुसरा नकाशा तुमच्या मांडीखाली असतो. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४. एंड्युरन्समध्ये थांब्यावर ठरलेल्या वेळात ते ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर घोड्याला पुढे सोडत नाहीत. ठोके जबड्याखालच्या धमनीवर बोटांनी लागतात. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या पुढच्या कोपराच्या मागे लावायचा. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट व्हायला हवी. रेंगाळली तर पाणी कमी पडलंय.

आणि लंगडणं. घोडा पुढच्या पायाने दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. वर बसलेल्याला हे पटकन दिसत नाही, मागून किंवा बाजूने येणाऱ्याला दिसतं. जोडीने जाण्याचा हा एक मोठा फायदा.

तो शनिवार

माघ महिना, सकाळी साडेसात. पशुवैद्यांनी सगळे घोडे चालवून, पळवून बघितले. चांदणी ठणठणीत. मार्ग नकाशावर उतरवला. फोन लिफाफ्यात गेला, तेव्हा दात काढल्यासारखं वाटलं. पहिला नाका मस्त, एक मिनिट उशीर. पुढच्या तुकड्याला वेग ताशी ८.

दोन किलोमीटरवर नकाशात एक गाडीवाट होती. जमिनीवर मात्र तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, ‘खाजगी मालमत्ता’ असा फलक आणि आत हिरवळ. मुळशीत हे नेहमीचं. नकाशा छापून होतो, त्यानंतर प्लॉट विकले जातात. नियमाप्रमाणे आम्ही शेवटच्या नक्की जागेवर, म्हणजे मागच्या पुलावर यायला हवं होतं. तिथून दुसरी वाट नकाशात स्पष्ट होती. पण मी म्हणालो, “कुंपणाच्या कडेकडेने जाऊ, पलीकडे निघेलच.” नाही निघाली. खाचरांचे बांध, त्यात कुणाचा तरी हरभरा उभा. शेतातून घोडा घालायचा नाही, हे तर ठरलेलंच. वळसा घालून, एका आजोबांना विचारून, वाट धरली तेव्हा आम्ही १४ मिनिटं मागे होतो.

१४ मिनिटं म्हणजे १४ गुण. ४६० पैकी १४. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा डोक्यात फक्त तेच होतं. मी चांदणीला मुरमाच्या वाटेवर जोरात ट्रॉटला घातलं.

एका विहिरीपाशी मागून आवाज आला, “डोकं बघ तिचं. हलतंय.”

मी ऐकलं. मला लगामातही जाणवलं, प्रत्येक दुसऱ्या पावलाला एक छोटा हिसका. पण मी स्वतःला सांगितलं, वाट खडबडीत आहे, म्हणून असेल. पुढचं वळण आलं की बघू. शंका आली की थांबायचं, हा नियम तोंडपाठ असलेला मी वळणापर्यंत गेलो. नंतर नकाशावर मोजलं: विहिरीपासून वळणापर्यंत ४०० मीटर.

वळणावर उतरलो. डावा पुढचा खूर उचलला. नालेच्या आणि खुराच्या मधल्या मऊ भागाच्या बेचक्यात लिंबाएवढा दगड रुतलेला. खूर साफ करायच्या आकड्याने तो निघाला. पण चालवून बघितलं तर ती पाय जपूनच टाकत होती. खोगिराचा तंग सैल केला, लगाम हातात धरला आणि पायी निघालो. डांबरी रस्ता लागेपर्यंत तीन किलोमीटर. जोडीदाराचा घोडा ठीक होता, पण जोडी म्हणून आम्ही दोघंही बाद. तीही उतरून माझ्याबरोबर चालली. बराच वेळ काही बोलली नाही.

पशुवैद्यांनी बघितलं. खुराच्या तळाला मुका मार. हाड, शीर काही नाही. आठवडाभर विश्रांती, पाय थंड पाण्यात शेकायचा, मग परत तपासायचं.

आठवडाभर. आणि गुरुवारी चांदणीची एक वरात ठरलेली होती. माघातली लग्नसराई म्हणजे तात्यांचा हंगाम. आपल्यासाठी जो वीकेंडचा खेळ, तो त्यांच्यासाठी महिन्याचा हिशेब.

तात्या टेम्पो घेऊन आले. ओरडले नाहीत. खूर हातात घेतला, अंगठ्याने दाबून बघितला आणि विचारलं, “कधी कळलं?”

मी म्हणालो, “लगेच उतरलो तात्या.”

जोडीदाराने माझ्याकडे बघितलं. काही म्हणाली नाही, फक्त बघितलं.

“नाही,” मी म्हणालो. “विहिरीपाशी कळलं होतं. वळणावर उतरलो.”

तात्यांनी खूर खाली ठेवला. “मुरूम आहे तो सगळा,” एवढंच म्हणाले. मग चांदणीला टेम्पोत चढवलं. गुरुवारसाठी त्यांनी दुसऱ्याची घोडी भाड्याने आणली. त्याचे पैसे आणि पशुवैद्यांची फी मी दिली. त्यांनी आढेवेढे न घेता घेतली, ते बरं वाटलं. त्या ४०० मीटरनी नेमकं किती बिघडवलं, ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित दगड आधीच लागलेला असेल. पण तेवढं अंतर ती माझ्या हट्टामुळे चालली, हे खरं.

रविवारी मी घरी गेलो नाही. अडथळ्यांच्या टप्प्यात फाटकाजवळ वही घेऊन उभा राहिलो, गुण मांडले. खरं सांगतो, दोन महिन्यांच्या सरावात शिकलो नाही तेवढं त्या फाटकापाशी शिकलो. जिंकलेली जोडी अजिबात वेगवान नव्हती. शनिवारी ते त्याच कुंपणापाशी आले होते, फलक वाचला आणि सरळ पुलावर परत गेले. गेली चार मिनिटं.

नाव द्यायचं असेल तर

शेवटी, ज्यांना खरंच उतरायचंय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

माथेरानला घोड्यावर फोटो काढला म्हणजे घोडेस्वारी येते असं नाही. तिथे लगाम बहुतेक वेळा घोडेवाल्याच्या हातात असतो. आधी रीतसर शिका. मोकळ्या जागेत चाल, ट्रॉट, कॅन्टर आणि मुख्य म्हणजे थांबवणं जमलं पाहिजे. जमिनीवरून, ओट्याशिवाय, घोड्यावर चढता आलं पाहिजे. रानात ओटा नसतो.

नकाशाचा सराव पायी करा. एका रविवारी फोन बॅगेत तळाशी ठेवा आणि कागदावर चाला. घोड्यावर बसून पहिल्यांदा नकाशा उघडाल तर वारा, घोडा आणि नकाशा तिघंही तुमच्याविरुद्ध असतील.

घोडा भाड्याचा असेल तर मालकाशी आधीच स्पष्ट बोला. किती किलोमीटर, कसली जमीन, दुखापत झाली तर खर्च कोणाचा आणि त्याचा बुडालेला रोजगार कोण भरून देणार. लाजू नका. मी आधी बोललो नव्हतो. तात्या भले म्हणून निभावलं. आणि घोड्याची तयारी निदान सहा-आठ आठवडे, अंतर हळूहळू वाढवत. स्पर्धेच्या आठवडाभर आधी नाला तपासून घ्या, आदल्या दिवशी नव्या नाला ठोकू नका.

अंगावर हेल्मेट, टाचेचे बूट, पूर्ण पँट. सोबत होकायंत्र, शिट्टी, बॅटरी, घोड्याचा दोर आणि मोहरकी, खुराचा आकडा, माणसाचं आणि घोड्याचं प्रथमोपचाराचं सामान, खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद. उतारावर खाली उतरून चाला, तुमच्या गुडघ्यांनाही बरं आणि त्याच्याही. डांबरावर पळवू नका. शेताच्या बांधावर घोडा घालू नका, फाटक उघडलंत तर लावा, भेटेल त्याला रामराम करा. खोरं त्यांचं आहे.

आणि जमलं तर पहिल्या वेळी स्पर्धक म्हणून जाऊच नका. वही घेऊन एखाद्या नाक्यावर उभे राहा. जे चुकतात ते कुठे चुकतात, हे फुकटात बघायला मिळतं.

चांदणी आता छान आहे. दहाव्या दिवशी पशुवैद्यांनी तिला मोकळं केलं, त्यानंतर दोन वराती झाल्या. मी दर शनिवारी सकाळी खरारा करायला जातो. तात्यांनी अजून तिच्यावर बसायला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. परवा ते आपणहून म्हणाले, “पावसाळा संपला की बघू. त्या विहिरीकडची वाट सोडून.”

तोवर पायी सराव चालू. कुणाला यायचं असेल तर सांगा, रविवारी सकाळी नकाशा मी आणतो. फोन बंद ठेवायची तयारी असेल तरच, बरं का.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या!